तिसरा रकाना

"फुंका, फुंका, अजून, अजून, अजून, सोडू नका!"
दिवसातून चाळीसदा ओरडते मी,
अरबीत, हिंदीत, मोडक्या मल्याळममध्ये,
फरवानियातल्या या पहिल्या मजल्यावर,
खिडकीच्या फटीत ओला टॉवेल कोंबून,
कारण बाहेर आज तोझ आहे
आणि समोरची मशीद हळदीच्या पाण्यात बुडालीय.

सत्तेचाळीस नंबरला मात्र मराठीत ओरडते.
फायलीवर नाव लिहायचं नसतं, फक्त क्रमांक.
पण पहिल्याच फुंकरीला तो म्हणाला, "बाय, जरा दमानं,"
आणि क्रमांकाला गाव फुटलं:
हुसेन सुर्वे, बाणकोट, वय एक्केचाळीस.

त्याच्या हातावर मी पेनाने रेघा आखल्या.
प्रत्येक रेघेशी एक थेंब, थेंबात एक टोच.
खजुराचा पराग, गादीतला किडा, झुरळ, मांजर,
वेडी बाभूळ, जी इथेही कुणीतरी आणून लावली
आणि मग आवरली नाही.
शेवटी गव्हाचं पीठ.
पंधरा मिनिटं आम्ही दोघं त्या हाताकडे बघत बसलो,
दुधावर लक्ष ठेवतात तसं.
बाभूळ गप्प. मांजर गप्प.
पीठ तेवढं वर आलं, गांधीलमाशी डसल्यासारखं,
नऊ मिलिमीटर.
"फुगली की चपाती," तो म्हणाला.
चौदा वर्षं तो खुबूस भाजतो.

पुडीत औषध आहे की नुसती साखर,
मला माहीत नाही, त्याला नाही,
डॉक्टर नूफलासुद्धा नाही.
ते एका पाकिटात बंद आहे, दुसऱ्याच शहरात.
आमच्या हाती निळ्या पुठ्ठ्याची वही:
सकाळचा आकडा, संध्याकाळचा आकडा,
आणि तिसरा रकाना,
दम लागून रात्री किती वेळा जाग आली.
आठ आठवडे त्याने लिहिलं शून्य.
सुबक शून्यं, एका मापाची, भट्टीतून काढल्यासारखी.

यंत्राचा आकडा मात्र घसरत होता.
दोघांचं जमेना.
तेव्हा मी विचारलं, प्रश्नावलीत नसलेलं:
"रात्री कितीला झोपता?"

माझाच पत्ता चुकल्यासारखं त्याने बघितलं.
"रात्री कोण झोपतं, बाय?
अकराला पीठ मळायला घेतो,
फजरच्या बांगेला पहिली गाडी सुटते.
जागाच असतो.
जाग कशी येणार?"

आणि दिवसा?
दिवसा आठ जणांच्या खोलीत, वरच्या बंकवर,
एसीच्या तोंडाशी
तो दोनदा, तीनदा उठून बसतो,
खालच्याची झोप मोडू नये म्हणून
खोकला उशीत दाबून.
ते कुठेच लिहिलेलं नाही. विचारलंच नव्हतं कुणी.
प्रश्न चार भाषांत तपासून घेतले होते,
हुशार माणसांनी,
रात्री झोपणाऱ्या.

डॉक्टर नूफ बराच वेळ वही चाळत राहिली.
"असे अजून किती असतील?" एवढंच म्हणाली.
मग पहारेकऱ्यांच्या, टॅक्सीवाल्यांच्या, हमालांच्या वह्या
आम्ही कपाटातून काढल्या
आणि चहा निवून गेला.
अर्ध्यावर रकाना बदलता येत नाही.
शेरा लिहिता येतो.
मी लिहिला: सहभागी रात्री झोपत नाही.

"पीठ सोडलं तर बरं वाटेल," असं त्याला सांगायचं होतं.
सांगितलंही.
त्याने पाकिटातून इकामा काढून टेबलावर ठेवला.
धंदा: खब्बाज.
कार्डाच्या कडांत पीठ बसलेलं.
मी ते नखाने काढू लागले, आणि थांबले.

पंधरवड्याने आला तेव्हा वहीत
त्याने स्वतःच पट्टीने एक रेघ मारली होती,
वर लिहिलं होतं, दिवसा.
तीन. दोन. तीन. चार. तीन.
शुक्रवारी आकडा नव्हता.
तिथे बारीक अक्षरात:
भट्टी बंद होती. झोपलो.

यंत्रात हे भरायला जागा नाही.
मी नवी नळी लावली.
"चला सुर्वे," म्हटलं,
"दमानं."