दोर

कालिम्नोस बेटावर जन्मभर स्पंज काढणाऱ्या थेमेलिसने
चाळीस वर्षांनी, कांदे सोलता सोलता,
मला सांगितलं:
अठरा पुरुष पाण्याखाली एक बाई होती.

संगमरवरी. मांडीपर्यंत वाळूत रुतलेली,
एक हात तुटलेला, दुसऱ्यात काही नाही.
खांद्यावर शेवाळ नव्हतं, म्हणाला,
जणू रोज कुणीतरी पुसत असावं.

मी चिरत राहिले.

तो दगड छातीशी धरून उतरायचा,
ताटाएवढा, चपटा, पांढरा.
म्हणजे तोही संगमरवरच.
एक संगमरवर दुसऱ्याकडे घेऊन गेला
यात माणसाचा काय दोष?

‘हात लावलास?’
‘नाही.’
‘का?’
‘लावला असता तर श्वास मोजायचा राहिला असता.’

आमचे शाळामास्तर जुन्या ग्रीकांचा एक शब्द
फळ्यावर लिहायचे, सोफ्रोसिनी,
खाली दोन रेघा मारायचे,
आणि अर्थ विचारला की चष्मा पुसत बसायचे.
थेमेलिस शाळेत गेलाच नाही.
त्याचा अर्थ ओंजळीएवढा:
छातीत परतीपुरता वारा उरला
की दोर हलवायचा,
समोर काहीही असो.
मग वर नावेतले चौघे ओढून घेतात.

अभिमान वाटायला हवा होता.
वाटलाही, थोडा.
पण आठवली ती वर्षं:
ईस्टर झाला की नावा आफ्रिकेकडे निघायच्या
आणि गाव नुसतं बायकांचं उरायचं.
बायकांचं, आणि निकितास पाववाल्याचं,
ज्याच्या कोपरापर्यंत पीठ असायचं,
जो सुटे पैसे देताना
माझ्या तळव्याकडे बघायचा, चेहऱ्याकडे नाही.

दरसाल सहा महिने. सोळा वर्षं.
मी पाव घरीच भाजायला शिकले.
पहिले कितीतरी दगडासारखे झाले, ते कोंबड्यांना घातले.
माझ्या कमरेला दोर नव्हता.
वर कुणी चौघे उभे नव्हते.

हे त्याला सांगितलं नाही.
डोळे भरून आले तेव्हा
कांदा होताच हाताशी.

रात्री त्याने पाणी तापवलं,
माझ्या पाठीवरून स्पंज फिरवला,
शेवटच्या सफरीतला, कडा झिजलेला.
अख्खा समुद्र पिऊन बसतो हा,
मूठ आवळली की सगळा सोडून देतो.

खांद्यापाशी तो बराच वेळ पुसत राहिला.
कुणाचा खांदा,
ते मी विचारलं नाही.