शिलाई, सव्वा रुपया

वहीत सगळे आहेत.
एकोणीसशे सतराच्या मंडईचा हिशेब,
बोरूचा, पाणी लागून पसरलेला:
दुःशासन, गणपा कोष्टी, दोन रुपये.
द्रौपदी, लटारू, दोन रुपये,
वर आठ आणे मिशी उतरवल्याचे.
कृष्ण, प्रवेश झाला नाही, निम्मे.
टेंभ्याचं तेल. ढोलकीची वादी.
मग एक ओळ: शिलाई, सव्वा रुपया.
पुढं नाव नाही.

त्या सव्वा रुपयामागं
मी तीन हिवाळे हिंडतेय,
पवनी, अड्याळ, वैनगंगेपलीकडची खेडी,
एसटी नसेल तिथं धानाच्या ट्रॅक्टरवर.
एका घरात दंडारीच्या मंडळाचा फोटो निघाला.
चौदा पुरुष, आणि कडेला
पडद्याआडून बाहेर आलेलं एक कोपर.
मी ते मोठं करून पाहिलंय, पुष्कळदा.
कोपरच आहे.

"द्रौपदीचं लुगडं का? थे तं सरतच नोहोतं,"
सुकमाबाई म्हणाली, लाखोरीची भाजी निवडताना.
"माह्या सासूनं पायलं होतं.
दुशासन वढे, वढे,
अन् गर्दीतून एक बाई उठली:
अवो, थे तं माहं होय!
मंग दुसरी. मंग तेल्याची म्हातारी.
डावरीनं घराघरातून
एक एक हात लुगडं मांगून आनलं होतं,
कायले पायजे, कोनाले सांगतलं नोहोतं.
आपलं लुगडं वढताना पायलं, तं बाया काय बसतेत?
गनपा जो पराला, थेट बोडीत उतरला."

"आणि देव?"
"देव बसून होता झाडावर.
उतराचं कामच नाही पडलं त्याले."

निम्मे.
तीन वर्षं मी समजत होते
कृष्ण दारू पिऊन पडला असेल.

उरलेलं लुगडं, तिच्या मते अकरा हात,
वाकळीच्या पोटात आहे.
एका कडेनं उसवून तिनं दाखवलं:
जांभळं, मग हळदी, मग भाजक्या विटेचं,
जोड इतका सपाट की बोटाला लागू नये,
आणि टाका सगळा उलटीकडे कललेला.
मी आजवर अशा शिवणीला
कच्ची म्हणून शेरा देत आले.

"डावरीचं खरं नाव?"
"डावरीच."
"घरचे काय म्हणायचे?"
"तवा कोनी इचारलं असतं, तं रायलं असतं."
भाजी तिनं पाण्यात टाकली.

मी पैसे देऊ केले. नको म्हणाली.
वाकळीत नातू होता, कालपासून तापलेला.
मग टेप लावून मोजायला बसले,
चार हात, पाच, सहा,
तेवढ्यात पोरगं कुशीवर वळलं
आणि बाकीचं सगळं
ओढून घेतलं त्यानं अंगाखाली.