सुसकारा

स्वयंपाकघराच्या फरशीवर जुनी चादर,
तिच्यावर मांडलाय उद्याचा सगळा जीव:
मास्क, मास्क हरवला तर मास्क, फिन्स,
आजवर दोरी आणि एकदाच चीज कापलेला चाकू,
पायमोज्यांत गुंडाळलेले शिशाचे ठोकळे.
बाहेर स्ट्रॉमनेसच्या धक्क्यावर दिवे
आणि वारा. ऑर्कनीत वारा घरचाच,
दार वाजवत नाही.

उद्या कर्कवॉलहून रात्रीची बोट, शेटलंड.
यादी मी करत नाही.
यादीत असतं तेवढंच माणूस बघतो.
मी अंगावर चढवल्यासारखी वरून खाली जाते:
डोळे, तोंड, मान.
मानेशी थांबते.
ड्रायसूटच्या रबरी गळ्याला पावडर लावते,
तान्ह्याच्या मानेला लावतात तशी, वळीवळीत,
चीर नाही ना, बोट फिरवून.
चेनला मेण. आमच्याकडे त्याला
नाताळातली उरलेली मेणबत्ती, लाल,
म्हणून माझ्या खांद्यांवरची चेन
बाराही महिने थोडी सणासुदीची.

सासरे खुर्चीत. मॅन्सी ड्रेव्हर.
वीस वर्षं स्कॅलप शिंपल्यांसाठी बुडी मारली,
दिवसात चार-चारदा, आणि घाईनं वर,
कारण शिंपले किलोवर विकतात, मिनिटांवर नाही.
मग एका एप्रिलात रक्तातच बुडबुडे झाले.
उजवा पाय त्यांच्याबरोबर वर आला,
पण बोलेनासा झाला.
बोटंही तशीच. चहा गरम की गार
ते ओठांना विचारतात.

खरं सांगते, मला त्यांची मदत नको होती.
लग्नाच्या पहिल्या वर्षी म्हणाले होते,
"खाली काय ठेवलंय तुझं?"
मी म्हटलं, "तुमचा पाय. शोधून आणते."
सहा महिने अबोला.

सिलिंडरला रेग्युलेटर जोडला, व्हॉल्व्ह फिरवला.
झोपलेलं जनावर उठावं तशा नळ्या ताठरल्या.
काटा दोनशेदहावर.
चार श्वास घेतले. काटा जागचा हलला नाही.
तोंडात ती कोरडी, रबराची चव.
"ठीक," मी मोठ्यानं म्हटलं,
घराला ऐकू जावं म्हणून.

"रेडिओ बंद कर."
केला.
"फ्रीज."
प्लग काढला.
"आता तू."
मी काय? मग उमगलं.
पाण्याखाली जे चुकूनही करायचं नसतं
ते स्वयंपाकघरात केलं:
श्वास रोखला.

वारा तेवढा कुणाचं ऐकत नाही.
त्याच्या दोन धडकांच्या मधल्या फटीत
मान कलती करून बसले म्हातारबुवा,
दूध उतू जाण्याआधी ऐकावं तसे.
"सू करतंय, थोरा."
मला काहीच ऐकू आलं नव्हतं.
साबणाचं पाणी ओतलं जोडावर.
अकरा आकडे मोजले तेव्हा
मोहरीएवढा एक बुडबुडा.
मग, सवडीनं, दुसरा.

ओ-रिंग काढली. तिच्यात रुतलेला वाळूचा कण,
गेल्या सप्टेंबरातला असणार.
नवी रिंग शोधायला मी पेटी उपसतेय
तोवर त्यांनी कोटातून तंबाखूची डबी काढली.
आत तंबाखू नाही. रिंगा,
काळ्या, लवचिक, ग्रीस लावलेल्या.
पाय गेल्याला अठरा वर्षं झाली.
रबर इतकं टिकत नाही.
कुणीतरी दर वर्षी बदलत असणार.
मी विचारलं नाही.
झाकण त्यांच्या बोटांना लागेना,
तेवढं मी लावलं.

पुन्हा जोडलं. पुन्हा दोघांनी कान दिला.
या खेपेला घरात नुसता वारा.
ते काठी टेकत झोपायला गेले,
"वर येताना" एवढं म्हणाले
आणि पुढचं वाक्य जिन्यावर घेऊन गेले.

लेर्विकला उतरले तर त्यांचा फोन:
दूध नासलं. लोण्याचं पाणी झालं.
फ्रीज पुन्हा लावायचा राहिला.
"तुझ्या यादीत नव्हता वाटतं,"
आणि पलीकडून बराच वेळ
हसण्याची बारीक गळती.