उरलेला हलवा

रथसप्तमी झाली की
माझ्या घरात साखर उरते.
यंदा पावणेतीन किलो, डब्याचं वजन सोडून.

खारेगावात खाडीकडची खिडकी उघडली
की आधी काट्यांवर दमट हात फिरतो.
पहाटे चारला, पंखा बंद करून,
परातीत बोटं भाजत काढलेला काटा
फेब्रुवारीच्या दुपारी
मुकाट्याने बसतो.
मग त्याला गिऱ्हाईक नाही.
मुंग्या सोडून.

म्हणून मीच संपवते.
साबुदाण्यावरचा दुधात उकळला की खीर,
वेलची तेवढी वरून.
तिळावरचा कुटून घारग्यांत, गुळाच्या जागी.
रंग फिका येतो, कुणी बोलत नाही.
खरबुजाच्या बियांवरचा समोरचा ओजस नेतो, गणिताला.
सतरातून नऊ जाताना
नऊ खाऊन टाकतो
आणि उत्तर बरोबर येतं.
लवंगेवरचा मी खोकल्यासाठी ठेवते.

यंदा वरच्या फळीवर एक खोकाही होता.
‘म्हसकर, घणसोली. पहिला सण.
पाचशे जमा, बाकी साडेसातशे.’
हार, बिंदी, बाजूबंद, बांगड्या सहा,
मंगळसूत्र;
जावयाला नारळ आणि मनगटी घड्याळ.
फोन आधी वाजायचा,
मग वाजेनासा झाला.
महाशिवरात्रीपर्यंत थांबले.
तोवर मीटरच्या पेटीपासून फळीपर्यंत
मुंग्यांनी आपला रस्ता काढला होता.

दोरा कापला.
घड्याळात कायमचे दहा वाजून दहा.
ते रात्रपाळीच्या तिवारींना दिलं.
सकाळी नुसता पट्टा परत आला.
म्हणाले, वेळ बरा गेला.
बाजूबंद लिंबाच्या सरबतात विरघळले,
इमारतीला रंग देणारे चौघे
दोरावर लटकल्या लटकल्या प्यायले.
बिंदी ओजसच्या बहिणीने कपाळावरून
जीभ पोचेना म्हणून
बोटाने काढून खाल्ली.
नारळ फोडून सोलाण्याच्या आमटीत.
हार नि बांगड्यांची कहाणी सांगत नाही,
मला साखरेची बंदी आहे.

मंगळसूत्र राहिलं.
काळे मणी माझे, काचेचे, दरवर्षीचे.
साखरेच्या फक्त दोन वाट्या.
त्या का राहिल्या, माहीत नाही.

होळीच्या आदल्या आठवड्यात ती आली.
हातात हेल्मेट, खांद्याला ऑफिसची बॅग.
‘बाकी द्यायची राहिली होती.’
म्हटलं, माल नाही उरला आता.
‘चालेल. सगळं रद्द करत गेलो,
त्यात तुम्हाला कळवायचं राहून गेलं.’

पुढचं मी विचारलं नाही.
साखर किती, एवढंच विचारलं.
‘घेत नाही. आज घाला.’

डबा ओट्यावरच होता, भरलेला.
तरी हात फळीकडे गेला.
दोन्ही वाट्या सोडवल्या,
उकळत्या चहात टाकल्या.
थोडा फेस आला, दुसरं काही नाही.

गॅलरीत उभ्याने प्यायली.
समोर भरती होती की ओहोटी,
गाळामुळे कळत नव्हतं.
तळाशी आल्यावर कप तिरका करून बघितला.
‘लवंग होती होय आत?
मला वाटायचं, नुसती साखर असते.’

‘साखरेला धरायला काहीतरी लागतं,’ मी म्हटलं,
आणि म्हटल्यावर वाटलं,
उगाच म्हटलं.
पण ती लवंग चावत होती,
डोळे बारीक करून,
बहुधा तिखट लागली.

साडेसातशे ठेवले.
अडीचशे परत करत होते, घेतले नाहीत.
जिन्यात तिवारींना तिने वेळ विचारली.
त्यांनी काय सांगितलं, ऐकू आलं नाही.

रात्री मणी मोजून डबीत भरले.
एकशे एकेचाळीस.
एक कमी.
उद्या झाडताना सापडेल.