दहा मिली पाणी

केजला बीड रोडवर, टायरवाल्याच्या पलीकडं
मुनाफ मिस्त्रीनं माझ्या एट-हंड्रेडचं बॉनेट उघडलं
आणि आधी नुसतंच हुंगलं,
जखमेची पट्टी सोडल्यावर नर्स हुंगते तसं.

"पहाटं उठत नाही म्हणता? चोक ओढूनबी?"
नाही.
"अन् मांजरसुंब्याच्या घाटात?"
दुसऱ्यात टाकावी लागते. लिटरला अठरा द्यायची,
आता सोळाच्या आत.
"पर ठोका गेला आसंल."
गेला. चढाला डब्यात खडे वाजल्यागत व्हायचं, ते बंद.
"हे त्याचं पुण्य. आता पाप बघा,"
म्हणत त्यानं पंपातली रबरी पडदी बोटावर घेतली,
रात्रभर भिजलेल्या हरभऱ्यासारखी फुगलेली.

मग सलाईनची जुनी काचेची बाटली.
शंभर मिली पेट्रोल, दहा मिली पाणी,
बूच लावून खळखळा हलवली
आणि चहा सांगितला.
चहा येईस्तोवर रेघ बसली.
पाणी टाकलं होतं दहा, खाली दिसत होतं तीस.
"ह्यो तुमचा ऊस, मालक.
पाण्यानं हाक मारली की पेट्रोलला सोडून चालला."

मी एकतीस वर्षं कारखान्याच्या वजनकाट्यावर.
भरली गाडी वजा रिकामी गाडी.
मोळ्यांवर पाणी मारून आणलेली ट्रॉली
मी लांबूनच ओळखायचो.
लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या साली
धनेगावच्या धरणात भेगा मोजता येत होत्या,
आणि माझ्या काट्यावर ऊस उभा होता, हिरव्या वाढ्यासकट.
कुणाचं पाणी पिऊन आला, विचारलं नाही.
काट्याला तेवढं बटण नसतं.

आता तोच माझ्या टाकीत.
गाडी महिनाभर उभी राहिली
तर हवेतली ओल ओढून घेतो, मुनाफ म्हणाला.
इथल्या हवेतली? मे महिन्यात?
मला हसू आलं. तो जेट पुसत होता.

एक नंबर मोठा जेट, नवी नळी, नवी पडदी.
साडेआठशे.
"चालती ठेवा. उभी गाडी लवकर म्हातारी होती."

घाटात तिसऱ्यात चढली, जरा कुरकुरत.
बाटली मी मागून घेतली होती, का कुणास ठाऊक.
शेजारच्या सीटवर, टॉवेलात खोवलेली;
दर वळणाला आतली रेघ तिरपी व्हायची
आणि रस्ता सरळ झाला की
पुन्हा येऊन थांबायची तिसावर.