कातडीपासून दोन इंच

आधी पाठीवर हात.
लोकर डोळ्यांना फसवते,
बटांखाली काय आहे ते बोटांनाच विचारायचं.
मणके मोजता आले तर शेळी उपाशी,
सापडलेच नाहीत तर लाडावलेली,
अंगठा दाबल्यावर
गोधडीखालच्या लाटण्यासारखे लागले, तर ठीक.
मी वहीत लिहिते : तीन. पुढची.

हिल्मार क्नॉयपर फाटकाला रेलून बघतोय.
सत्त्याहत्तर वर्षांचा, टोपीवर घामाची पांढरी रेघ.
रॉकस्प्रिंग्जच्या बाहेरचा हा माळ :
खुरटे ओक, सीडर, आणि दगड.
दगड इतके, की शेळ्या गवत नव्हे
फटी चरतात असं वाटावं.

अठरा वर्षं मी प्रयोगशाळेत बसून
उंटावरून शेळ्या हाकल्या.
पाकिटांतून बटा यायच्या, नंबर टाकलेल्या,
मी सांगायचे : चोवीस मायक्रॉन. एकतीस.
राठ केस शेकडा दोन.
शेळीला वास असतो
हे कुठल्याच रकान्यात नव्हतं.
(ऑगस्टातल्या बोकडाचं तर विचारूच नका.)

काय घालतोस यांना?
सरकीची पेंड, तो म्हणतो, थंडीत मका,
चाटायला क्षाराची वीट.
आणि फार घातलं की केस जाडा होतो,
माझ्यासारखा.
पोटावर थाप मारून हसतो.

खरं आहे ते.
पोटभर खाल्लेलं केसात उतरतं,
भुकेचा केस मात्र बारीक, मऊ,
आणि बाजाराला बारीकच हवा.
आमच्याकडे म्हणतात, शेळी जाते जिवानिशी
आणि खाणारा म्हणतो वातड.
इथे ती जिवानिशी जात नाही.
वर्षातून दोनदा उघडी होते, थंडीने थरथरते,
आणि घेणारा दोन बोटांत चोळून म्हणतो :
जाड.

चारशे बारा नंबर.
बरगडीवरची एक बट काढली,
दोन्ही टोकं धरून कानाशी नेली, झटका दिला.
चांगली बट तुणतुण्यासारखी बोलते.
ही तुटली.
चारशे तेरा. तुटली.
चारशे एकोणीसची, सत्तावीसची,
सगळ्या एकाच जागी,
कातडीपासून दोन इंच.

केस महिन्याला इंचभर वाढतो.
मी बोटांवर मागे गेले : जुलै, जून.
जूनमध्ये काय झालं? ताप? जंत?
पेंड बदललीस?

त्याने टोपी काढली.
लिओना, म्हणाला.
केरव्हिलच्या दवाखान्यात अकरा दिवस. मग चर्च.
माळ तर मे महिन्यातच करपला होता.
पेंड घालायला मी कुणालातरी सांगितलं होतं.
मला वाटतं, सांगितलं होतं.

त्याच्या भाषेत तू आणि तुम्ही एकच.
तेवढ्यापुरतं मी मनात त्याला तुम्ही म्हणाले.

वहीत एक रकाना आहे, कारण.
माझं पेन थांबलेलं पाहून तोच म्हणाला,
लिही. खोटं कशाला.
पुढच्या सोमवारी कातरणारे येतायत,
जून काय, जुलै काय, एकाच पोत्यात जाणार.
मी लिहिलं : आहारात खंड, अकरा दिवस.
प्रत, दुसरी.
तुटलेल्या बटेचे दोन तुकडे
त्याने माझ्या हातातून घेतले
आणि कुठे ठेवावेत न सुचून
टोपीतच ठेवले.

मग करडं पाहिली.
त्यांच्या बटा ओढल्या, पुन्हा ओढल्या,
एकही तुटेना.
जूनमध्ये ती पीत होती.
हे लिहायला रकाना नाही.

ऊन उतरलं. त्याने बादली वाजवली.
डोळ्यांवर झुलपं आलेल्या, धड न दिसणाऱ्या त्या सगळ्या
आवाजाच्या रोखाने सुटल्या,
आणि चारशे बारा
सरळ फाटकावर आपटली,
मागे सरली,
आणि परत निघाली.