दोन मुठींची करवत

चौथ्या दिवशी, टेनेसीत, हमरस्ता सोडून
आम्ही जेवायला थांबलो तिथे
ओसरीवर ओळीने झुलत्या खुर्च्या,
प्रत्येकीच्या हाताला किमतीची चिठ्ठी.
आजोबा एकीत बसले, उठले,
म्हणाले, दोनशे डॉलर? आणि करकरतसुद्धा नाही?

आत सगळं खेडं भिंतीला टांगलेलं.
घोड्याचे नाल, कंदील, धुण्याची पन्हळी फळी,
कुण्या कुटुंबाचा चौकटीतला फोटो,
ज्यांना आता ओळखणारं कुणी नाही
आणि ज्यांच्याखाली बसून आम्ही ओहायोची पाच माणसं
तळलेली भेंडी मागवत होतो.

आई-बाबा बोलत नव्हते.
नॉक्सविलच्या अलीकडे एक वळण चुकलं होतं
आणि ते कुणामुळे, हे ठरायचं होतं.
बाबांना सांग, मीठ दे.
आईला सांग, घे.
मी मधे, टपाल खातं.

ट्विला नावाची वाढणारी बाई
सगळ्यांनाच 'सोन्या' म्हणायची, आजोबांनाही.
तिने मक्याचा पाव आणला, डुकराच्या हाडावर शिजवलेला पाला,
आणि इतकी फुगीर बिस्किटं
की कोडीने एक खिशात घातलं.

आजोबांच्या डोक्यावर करवत होती.
सहा फुटांची. दोन टोकांना दोन मुठी लागतात तसली.
एक होती, एक नव्हती.
पात्यावर कुणीतरी चित्र काढलेलं:
बर्फ, पाणचक्की, हरीण,
आणि ओढा, पार दातांपर्यंत आलेला, निळा.

घास हातात धरून ते बघत राहिले.
म्हणाले, दुसऱ्या टोकाला एमस असायचा.

आम्हाला एमस माहीत नव्हता. आईलाही नव्हता.
भाऊ, शेजारी, कोण, ते सांगितलं नाही.
सांगितलं एवढंच:
फक्त ओढायचं. ढकलायचं कधीच नाही.
ढकललं की पातं वाकतं, अडकतं.
आपली ओढ संपली की हात सैल सोडायचा,
पुढचं तो नेतो.
मला पहिला उन्हाळाभर जमलं नाही.
एमस शिव्या द्यायचा.
जमलं, त्या दिवशी गप्प झाला.

मग उभं राहून त्यांनी अंगठ्याने एक दात चाचपला.
आहे अजून, म्हणाले. रंगाखाली.

आईने तेव्हा बाबांकडे बघितलं
असं लिहिलं तर खोटं होईल. ती घेवडा खात होती.
पण पुढचं मीठ तिने हात लांब करून स्वतःच घेतलं,
आणि बाबांनी ताटली जराशी सरकवली,
हाताला वाट म्हणून.

बिल आलं.
एक टोक आजोबांनी धरलं, एक बाबांनी.
कुणी सोडेना.
सोन्या, फाटेल ते, ट्विला म्हणाली.

आजोबांनी हात सैल केला.
बाबा बिलासकट मागे गेले,
कोपराने गोड चहाचा ग्लास आडवा,
बर्फाचे खडे टेबलभर, कोडीच्या मांडीत, माझ्या बुटात.

आई हसली का?
हसली.
पण ते तासाभराने, गाडीत,
पुन्हा एक वळण चुकल्यावर.